किट लेन्सनंतर कुठली झूम? ठाणे-नवी मुंबईकरांचे नेहमीचे प्रश्न

कॅमेरा घेऊन सहा-आठ महिने झाले की लेन्सचे डोहाळे लागतात. सोसायटीच्या लिफ्टमध्ये, उपवनच्या कट्ट्यावर, ऐरोलीच्या जेट्टीवर मला तेच ते प्रश्न विचारले जातात. दर वेळी मी घाईत काहीतरी अर्धवट उत्तर देतो आणि घरी आल्यावर वाटतं, मुख्य गोष्ट सांगायची राहिलीच. म्हणून एकदा बसून लिहून काढलं. मी व्यावसायिक छायाचित्रकार नाही. ठाण्यात राहतो, नोकरी करतो, रविवारी खाडीवर नाहीतर येऊरला जातो, एवढाच माझा अधिकार.

इथलं सगळं बोलणं सुरुवातीच्या डीएसएलआरबद्दल (आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांबद्दल) आहे: कॅननचे १५००डी, २००डी, निकॉनचे डी३५००, डी५६०० आणि त्यांची आधीची भावंडं.

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ खरंच एवढी वाईट असते का?

नाही. दुकानदार तिला "ती काय, फुकटातली" म्हणतो, कारण त्याला दुसरी विकायची असते. चांगल्या उन्हात एफ/८ ला (या आकड्यांचा अर्थ पुढे येतो) काढलेला तिचा फोटो आणि महागड्या लेन्सचा फोटो घरच्या भिंतीवर शेजारी शेजारी लावा, पाहुणे फरक सांगू शकणार नाहीत.

तिच्यात दोन गोष्टी कमी पडतात. एक म्हणजे पल्ला: लांबची वस्तू जवळ येत नाही. दुसरी म्हणजे प्रकाश: संध्याकाळ झाली की फोटो हलतो नाहीतर दाणेदार येतो. या दोन तक्रारींची औषधं वेगळी आहेत. दोन्हींवर चालणारी एकच लेन्स मिळते, पण तिच्या पैशात आजचा तुमचा कॅमेरा दोनदा येईल, आणि ती गळ्यात अडकवून तलावपाळीला एक फेरी मारलीत तर मान धरेल. तेव्हा आपली तक्रार कुठली, हे आधी ठरवायचं. लोक नेमकं इथेच चुकतात. पक्ष्यांसाठी म्हणून लेन्स घेतात आणि वर्षभर भाचीच्या वाढदिवसाचे फोटो काढतात.

मग मला नक्की काय कमी पडतंय हे कसं ओळखायचं?

जुने फोटो बघून. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती एमएमला, किती अ‍ॅपर्चरला आणि किती शटर स्पीडला (म्हणजे शटर किती वेळ उघडं ठेवून) काढला याची नोंद असते. कॉम्प्युटरवर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती दिसते. गेल्या काही महिन्यांतले तुम्हाला आवडलेले शंभरेक फोटो आणि वाया गेलेले शंभरेक फोटो काढा, चहाचा कप घ्या आणि कागदावर रेघोट्या मारत बसा.

बहुतेक फोटो ५५ ला असतील आणि तरीही कापून मोठे करावे लागत असतील, तर पल्ला कमी पडतोय. बहुतेक १८ ला असतील आणि पाठ भिंतीला टेकूनही घरातली सगळी माणसं मावत नसतील, तर तुम्हाला १०-१८ किंवा १०-२० अशी रुंद लेन्स हवी आहे. तो वेगळा विषय. आणि वाया गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त फोटो संध्याकाळचे, हॉलमधले, मंडपातले असतील, तर प्रकाश कमी पडतोय.

आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ १५०-६०० ही लांब पल्ल्याची लेन्स घ्यायला निघाले होते. त्यांना म्हटलं, आधी रेघोट्या मारा. तीनशेपैकी दोनशेच्या वर फोटो १८ ते २४ च्या मधले निघाले: मुलगी, गणपती, मुलगी, गॅलरीतून पाऊस, पुन्हा मुलगी. त्यांनी शेवटी ५० एमएम एफ/१.८ घेतली. ती झूम नाही. पुढेमागे व्हायचं ते आपण पायांनी व्हायचं. पण मुलीचे फोटो आता बघण्यासारखे येतात, आणि वाचलेल्या पैशात काय केलं ते त्यांनी मला सांगितलं नाही.

लेन्सवरच्या आकड्यांचा अर्थ काय?

५५-२५० म्हणजे फोकल लेंथ: लहान आकड्याला दृश्य रुंद, मोठ्या आकड्याला दूरचं जवळ. एफ/४-५.६ म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचा डोळा जास्तीत जास्त किती उघडतो ते. दोन आकडे अशासाठी की झूम ताणत गेलं की तो तेवढा उघडत नाही: ५५ ला एफ/४, २५० ला एफ/५.६. हा आकडा जेवढा लहान, तेवढा प्रकाश जास्त. एफ/२.८ ला एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो. चौपट लक्षात ठेवा, पुढे नाटकाच्या प्रश्नात लागेल.

"किती एक्स झूम आहे?" हा प्रश्न मात्र विसरा. एक्स म्हणजे मोठ्या आकड्याला लहान आकड्याने भागणं. १८-५५ ही तीन एक्स आणि १५०-६०० ही चार एक्स, आता बोला.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगोंसाठी किती एमएम लागेल?

मला सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि त्याचं उत्तर गणितात आहे. घाबरू नका, शाळेतल्या त्रैराशिकापलीकडे काही नाही.

आपल्या खाडीत जे हजारोंनी दिसतात ते बहुतेक लहान रोहित (लेसर फ्लेमिंगो). उंची धरू ९० सेंटीमीटर. तो तुमच्यापासून ५० मीटरवर उभा आहे. फोकल लेंथ गुणिले पक्ष्याची उंची, भागिले अंतर, की सेन्सरवर पडणाऱ्या प्रतिमेची उंची मिळते. २५० एमएमला ती येते साडेचार मिलिमीटर. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे पंधरा मिलिमीटर उंच आहे, म्हणजे पक्षी फोटोच्या उंचीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यात बसला. छान फोटो होतो. किट लेन्सच्या ५५ ला तोच पक्षी एक मिलिमीटरचा, म्हणजे पंधराव्या हिश्श्याचा. गुलाबी ठिपका. ६०० ला तो जवळजवळ अकरा मिलिमीटरचा होतो, चोच आणि डोळासुद्धा दिसतात.

पण ५० मीटर हे अंतर मिळणार कुठे, ही खरी मेख आहे. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी चरत दूरवर पसरतात आणि काठावरून तुमची ६०० सुद्धा तोकडी पडते. भरतीचं पाणी चढायला लागलं की ते मागे सरकतात आणि नेरुळच्या पाणथळींवर, डीपीएस तलाव आणि टीएस चाणक्यच्या बाजूला, येऊन उभे राहतात. त्या वेळी २५० किंवा ३०० वाला माणूससुद्धा हसत घरी जातो. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून निघणारी बोटसुद्धा भरतीच्या वेळा बघूनच सुटते. तेव्हा लेन्सच्या आधी भरती-ओहोटीचं कोष्टक बघायला शिका. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारलंत तर तिथी ऐकूनच तो तुम्हाला वेळ सांगेल.

बोटीत आणखी एक गंमत होते. मोठी लेन्स घेऊन बसलेल्यांना ती फिरवायला जागा नसते. मी एकदा हौसेने भाड्याची १५०-६०० नेली होती. बोट डुलतेय, शेजारच्या काकूंचा डबा माझ्या कोपराखाली, आणि थवा उडाला तो नेमका माझ्या मागच्या बाजूने. वळेपर्यंत सगळं संपलं होतं. पुढच्या बाकावर ५५-२५० घेऊन बसलेल्या कॉलेजच्या मुलीने उभंसुद्धा न राहता अख्खा थवा टिपला. उडणारा थवा तर १००-१५० एमएमलाच चांगला दिसतो, पंखांखालचा काळा-लाल रंग आणि मागे ऐरोलीचा पूल अशा दोन्ही गोष्टी येतात.

हंगाम साधारण नोव्हेंबर ते मे. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली. कांदळवनात शिरू नका, पक्ष्यांना उडवायला टाळ्या वाजवू नका. ड्रोनचा तर विषयच नको.

येऊरच्या छोट्या पक्ष्यांना २५० पुरेल?

तेच गणित. शिंजीर (सनबर्ड) म्हणजे दहा सेंटीमीटरचा जीव. आठ मीटरवर असेल तर ३०० एमएमला सेन्सरवर पावणेचार मिलिमीटर, उंचीचा चौथा हिस्सा. कापून मोठा केला की भागतं. पण येऊरच्या झाडीत प्रकाश कमी असतो, आणि तिथे २५० की ३०० यापेक्षा शांतपणे एका जागी वीस मिनिटं बसता येतं का, यावर जास्त अवलंबून आहे. कर्नाळ्यालाही हेच. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तेव्हा वेळा आणि परवानग्या पाळायच्या, आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावायचं नाही.

कॅनन असेल तर नेमकी कुठली घ्यायची?

पल्ल्यासाठी ईएफ-एस ५५-२५० एफ/४-५.६ आयएस एसटीएम. पहिली टेली झूम म्हणून माझं मत इतकं सरळ दुसऱ्या कुठल्याच लेन्सबद्दल नाही. वजन पावणेचारशे ग्रॅम, फोकस शांत आणि झटपट, आणि २५० ला पूर्ण उघडी असतानाही फोटो धारदार. नावात शेवटी "एसटीएम" आहे ना, हे बघून घ्या. याच आकड्यांच्या तिच्या जुन्या आवृत्त्याही बाजारात फिरतात. त्या वाईट नाहीत, पण फोकस हळू आणि आवाज जास्त.

जोडीच्या पॅकमध्ये पुष्कळदा ७५-३०० येते, ती मात्र टाळा. ३०० हा आकडा २५० पेक्षा मोठा दिसतो, पण तिच्यात हात हलल्याची भरपाई करणारी आयएस यंत्रणा नाही आणि लांबच्या टोकाला ती मऊ पडते. पन्नास एमएम जास्तीचे मिळाले म्हणून आनंद व्हावा असं त्यात काही नाही. ईएफ ७०-३०० आयएस २ यूएसएम ही वेगळी लेन्स, तिचा फोकस फार वेगवान. नावं सारखी वाटतात म्हणून गोंधळ होतो. बजेट असेल आणि उडते पक्षी हा खरोखरच छंद असेल तर तिचा विचार करा. सातशे ग्रॅमच्या आसपास वजन आहे.

एक तांत्रिक गोष्ट. ईएफ-एस लेन्सवर पांढरा चौकोन असतो, ईएफ लेन्सवर लाल टिंब. तुमच्या कॅमेऱ्यावर दोन्ही खुणा आहेत, दोन्ही लेन्स बसतात. उद्या कॅननचा फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) डीएसएलआर घेतलात तर चौकोनवाली त्यावर बसणार नाही. "भविष्याचा विचार" करून आज दुप्पट पैसे घालावेत का? मी घालणार नाही. दहांपैकी नऊ जण फुल-फ्रेमला जातच नाहीत, असा माझा आजूबाजूचा अनुभव.

आणि निकॉन असेल तर?

एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ/४.५-६.३ व्हीआर. इथे सावध राहा, कारण जवळजवळ हेच नाव असलेली, दिसायलाही तशीच, पण व्हीआर (हात हलल्याची भरपाई करणारी निकॉनची यंत्रणा) नसलेली लेन्स आहे. नळीवर "व्हीआर" ही अक्षरं आहेत का ते दुकानातच डोळ्यांनी वाचायचं. ऑनलाइन मागवताना तर दोनदा.

दुसरी सावधगिरी जुन्या बॉडीवाल्यांसाठी (बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा). डी३१००, डी५१०० या वयाच्या कॅमेऱ्यांवर एएफ-पी लेन्स बसते, पण फोकस होत नाही, हाताने फिरवूनही नाही. तुमचं मॉडेल जुनं असेल तर एएफ-एस ५५-२०० व्हीआर २ घ्या.

तिसरी गोष्ट वारशाने मिळालेल्या लेन्सबद्दल. काकांच्या कपाटातून निघालेली एएफ-डी लेन्स डी३५०० किंवा डी५६०० वर लावलीत तर ऑटोफोकस चालणार नाही, कारण या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. ती लेन्समध्ये असावी लागते, म्हणजे नावात एएफ-एस किंवा एएफ-पी हवं. काकांना वाईट वाटू नये म्हणून हाताने फोकस करून एक-दोन फोटो काढा.

आयएस, व्हीआर, ओएस, व्हीसी हे सगळं एकच का? नसेल तर चालत नाही का?

एकच. कॅनन, निकॉन, सिग्मा, टॅमरॉन अशी प्रत्येकाची आपली नावं. हात थरथरला की आतलं एक भिंग उलट सरकून तोल सांभाळतं.

पल्ल्याच्या लेन्समध्ये ते नसेल तर पंचाईत होते. जुना ठोकताळा असा की हातात धरून फोटो काढताना शटर स्पीड फोकल लेंथच्या उलट्या आकड्याइतका तरी हवा. त्यात आपला सेन्सर लहान, म्हणून तो आकडा दीडपटीहून थोडा जास्त धरायचा. म्हणजे २५० ला जवळजवळ १/४०० सेकंद. संध्याकाळी साडेपाचला तेवढा प्रकाश कुठून आणणार? यंत्रणा असली तर १/१०० लाही फोटो स्थिर मिळतो.

मात्र ती तुमचा हात सांभाळते, समोरच्याची हालचाल नाही. दहीहंडीत सातव्या थरावरचा गोविंदा आणि चढाईला गेलेला कबड्डीपटू यांना थांबवायला १/५०० किंवा त्याहून वेगवान शटरच लागतं. ट्रायपॉडवर कॅमेरा असेल तेव्हा यंत्रणा बंद करा, नाहीतर ती नसलेला थरथराट शोधत बसते.

गडकरीला भाचीचं अरंगेत्रम आहे. ५५-२५० चालेल?

इथे मी स्वतः तोंडावर पडलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अरंगेत्रमच (भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम) होतं, गडकरी रंगायतनलाच, आणि आई-वडिलांची परवानगी असल्यामुळे मी ऐटीत सातव्या रांगेत ५५-२५० लावून बसलो. अलारिपू सुरू झालं. एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ३२००, आणि कॅमेरा म्हणतोय शटर १/६०. नाचणाऱ्या मुलीला १/६० म्हणजे काय होतं ते त्या दिवशी कळलं: चेहरा स्पष्ट, आणि दोन्ही हातांच्या जागी धूर. मुद्रा एकही नाही. मध्यंतरात मी ५० एमएम एफ/१.८ लावली आणि पुढे पायऱ्यांवर जाऊन बसलो. एफ/२.८ ठेवलं, तोच चौपटीचा हिशोब: १/६० चं झालं १/२५०. तिल्लानाचे सगळे फोटो चांगले आले. वर्णम मात्र गेलं ते गेलंच, आणि वर्णम हाच मुख्य भाग असतो हे मला बहिणीने नंतर बऱ्याच वेळा सांगितलं.

तेव्हा रंगमंचासाठी, मंडपासाठी, सभागृहातल्या लग्नासाठी एफ/२.८ ची झूम घ्या. सिग्मा १७-५० एफ/२.८ ओएस ही आपल्या कॅमेऱ्यांसाठी परवडणारी. किट लेन्सच्या जागी ती कायमची बसते, पल्ला वाढवत नाही. ७०-२०० एफ/२.८ या लेन्स सभागृहात मागून फोटो काढायला उत्तम, पण जवळजवळ दीड किलोच्या, आणि किमतीला तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा बऱ्याच वरच्या. त्या एका कार्यक्रमासाठी भाड्याने आणा.

नाटकाला परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. फ्लॅश तर कुठल्याच प्रयोगाला नाही.

एकच लेन्स हवी, सतत बदलायचा कंटाळा येतो. १८-४०० घेऊ?

कंटाळा हे कारण मला मान्य आहे. पांडवकड्याच्या धबधब्यासमोर तुषार उडत असताना लेन्स काढणं म्हणजे सेन्सरला आंघोळ घालणं. पण टॅमरॉनची १८-४०० म्हणजे उपाहारगृहात पंजाबी, चायनीज, साउथ इंडियन सगळं मिळतं तसं: पोट भरतं. ४०० ला ती एफ/६.३ असते आणि धार मवाळ होते. सहलीला, शोभायात्रेला, मुलांच्या स्नेहसंमेलनाच्या मैदानी भागाला झकास. पक्ष्यांसाठी घेणार असाल तर नको.

मधला रस्ता म्हणजे कॅननची १८-१३५ किंवा निकॉनची १८-१४०. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत मी हीच जात वापरतो. ढोल-ताशा पथक अंगावर आलं की १८, पलीकडच्या गॅलरीतून फुलं टाकणाऱ्या आजी दिसल्या की १३५.

१५०-६०० बद्दल एवढं ऐकतो. सरळ तीच घेतली तर?

सुमारे दोन किलोची ती वस्तू आहे आणि नवी लाखाच्या घरात जाते. सुरुवातीच्या कॅमेऱ्याला लावली की लेन्सला कॅमेरा लावल्यासारखं दिसतं. धरायचं नेहमी लेन्सला, कॅमेऱ्याला धरून लोंबकळवलीत तर माउंटवर (लेन्स जिथे कॅमेऱ्याला जोडली जाते तिथे) ताण येतो.

दुसरी अडचण खाडीवरच्या हवेची. सकाळी नऊनंतर चिखल तापला की हवा थरथरायला लागते, आणि दोनशे मीटरवरचा पक्षी ६०० एमएमला पाण्यातून बघितल्यासारखा दिसतो. लोक लेन्सला दोष देतात. त्याला कुठलीही लेन्स उपाय नाही, उठायचं लवकर.

आधी एका शनिवार-रविवारी भाड्याने घ्या. ओळखपत्र आणि अनामत लागते. सोमवारी खांदा दुखत असूनही पुन्हा जावंसं वाटलं, तर घ्या. सिग्मा आणि टॅमरॉनच्या १००-४०० सव्वा किलोच्या आतबाहेर आहेत आणि लोकलच्या गर्दीत बॅगेत मावतात. हार्बरने पनवेलपर्यंत उभं राहून जाणाऱ्याला हा मुद्दा समजेल.

सिग्मा, टॅमरॉन घेतली तर कॅमेऱ्याला काही होतं का?

काही होत नाही. फक्त कॅननसाठीची की निकॉनसाठीची हे सांगून घ्या, एकाची दुसऱ्याला बसत नाही.

सेकंडहँड घ्यावी का? तपासायची कशी?

घ्यावी. ५५-२५० सारखी लेन्स लोक हौसेने घेतात आणि दोन वर्षांनी कपाटातून काढून विकतात. आपल्या हवेत धोका एकच मोठा: बुरशी.

माझी फजिती आधी. एकदा जाहिरात बघून एका माणसाला ठाणे स्टेशनच्या पुलावर भेटलो. लेन्स बाहेरून नवीकोरी, टोपण, डबा, बिल, सगळं. ट्यूबलाइटच्या उजेडात आरपार बघितलं, स्वच्छ. पैसे दिले. घरी येऊन टॉर्च मारला तर आतल्या भिंगाच्या कडेला कोळ्याचं जाळं पसरावं तशी पांढरी नक्षी. फोन लागला नाही, हे सांगायला नकोच.

तेव्हापासून खिशात टॉर्च असतो. लेन्सच्या मागून तिरपा टॉर्च मारायचा आणि पुढून बघायचं, मग उलट. धुळीचे चार कण असतातच, त्यांनी फोटोला काही होत नाही. जाळं, धुकं किंवा बोटाच्या ठशासारखा ढग दिसला की नमस्कार करून निघायचं. कॅननची लेन्स कॅमेऱ्यावरून काढली की तिचं अ‍ॅपर्चर उघडंच राहतं. निकॉनच्या 'जी' (G) प्रकारच्या लेन्समध्ये ते मिटलेलं असतं, मागची छोटी दांडी नखाने सरकवून धरली की उघडतं. ती न सरकवता टॉर्च मारणारे बरेच असतात आणि विकणारा गालात हसत असतो.

मग आपल्या कॅमेऱ्यावर लावायची. आपला कॅमेरा न्यायचाच. जवळ-लांब, जवळ-लांब असा दहा वेळा फोकस करायचा, कुठे अडखळला किंवा करकरला तर कारण विचारायचं. भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवून, कॅमेरा समोर सरळ धरून, झूमच्या लांबच्या टोकाला फोटो काढायचा आणि चारही कोपरे मोठे करून वाचायचे. एका कोपऱ्यातली अक्षरं बाकीच्या तीनपेक्षा फिकट असतील तर लेन्स कधीतरी पडली आहे. माउंटचे स्क्रू खरवडलेले असतील तर कुणीतरी ती उघडली आहे. फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे सेकंडहँडही मिळतात आणि हे सगळं काउंटरवर करू देतात. करू न देणाऱ्याकडे थांबू नका.

पावसाळ्यात लेन्स कशी सांभाळायची?

चामड्याच्या बॅगेत घालून लोखंडी कपाटात ठेवली की ऑक्टोबरात बुरशी तयार. हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या, तांदळासाठी घेतो तसला, तळाशी सिलिका जेल आणि शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. निळी जेल गुलाबी झाली की गरम करून पुन्हा वापरता येते, मात्र स्वयंपाकाच्या कढईत नको. तांदूळ घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, पीठ सगळीकडे जातं.

आठवड्यातून एकदा लेन्स वापरा. जुलैत बाहेर जाता येत नसेल तर खिडकीतून समोरच्या इमारतीवरचे कावळे काढा. वापरातल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

पाम बीच रोडवरून एसी लावून आलात आणि नेरुळला उतरून लगेच कॅमेरा काढलात तर भिंगावर दव धरणार. वीस-पंचवीस मिनिटं तो बॅगेतच राहू द्या. पुसत बसू नका, पुसून जात नाही.

कोजागिरीचा चंद्र मोठा येईल का?

फोकल लेंथला ११० ने भागा, तेवढ्या मिलिमीटरचा चंद्र सेन्सरवर पडतो. २५० ला सव्वादोन, म्हणजे फोटोच्या उंचीच्या सातव्या हिश्श्याहून किंचित मोठा. कापल्यावर डाग दिसतात. आयएसओ २००, एफ/८, १/२५० पासून सुरुवात करा. ऑटोवर ठेवलात तर मसाला दुधाच्या थेंबासारखा पांढरा गोल येईल.

आता मिररलेसचा (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांचा) जमाना आहे. डीएसएलआरच्या लेन्सवर पैसे घालावेत का?

२०२० नंतर कॅनन आणि निकॉनने नवा डीएसएलआर आणलेला नाही, हे खरं. पण त्यामुळे तुमच्या हातातला कॅमेरा फोटो काढायचा थांबत नाही, आणि लेन्स वाया जात नाहीत. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अ‍ॅडॅप्टरने आर मालिकेच्या कॅमेऱ्यांवर नीट चालतात, निकॉनच्या एएफ-एस आणि एएफ-पी लेन्स एफटीझेड अ‍ॅडॅप्टरने झेड कॅमेऱ्यांवर. लोक मिररलेसकडे वळताहेत म्हणून उलट या लेन्स सेकंडहँड स्वस्त झाल्यात. ५५-२५० किंवा ७०-३०० या दर्जाची लेन्स बिनधास्त घ्या. लाखाची लेन्स घेणार असाल तर मात्र आधी ठरवा, पुढचा कॅमेरा कुठला.

पुढे लावायची दोन एक्सवाली भिंगं, टेलिकन्व्हर्टर, यूव्ही फिल्टर: यातलं काय घेऊ?

पुढे स्क्रूने लावायची स्वस्तातली भिंगं: नाही. टेलिकन्व्हर्टर (कॅमेरा आणि लेन्स यांच्यामध्ये बसवून पल्ला वाढवणारी नळी): एफ/५.६ च्या झूमला १.४ चा लावला की एफ/८ होतं आणि सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा ऑटोफोकस हात टेकतो, तेव्हा नाही. यूव्ही फिल्टर: खाडीवर खारा वारा असताना ठीक, रात्री दिव्यांच्या फोटोत काढून ठेवा, नाहीतर भुतासारखे जादा दिवे उमटतात. हूड: हो, नक्की. उन्हाची तिरीप अडवतो आणि लोकलमध्ये धक्का लागला की पहिला मार तो खातो.

नवी लेन्स आली की जुनी १८-५५ विकून टाकू?

किती येणार त्याचे? वडापावचे पैसे सुटतील फार तर. ठेवा. माझी अजून बॅगेच्या कोपऱ्यात असते. मागच्या श्रावणात मासुंद्याच्या काठावर लांबची लेन्स लावून बगळ्याची वाट बघत बसलो होतो, आणि एकाएकी ऊन-पावसात अख्ख्या तळ्यावर इंद्रधनुष्य उमटलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. २५० मध्ये त्याचा तुकडासुद्धा मावेना. खाली बसून, छत्री मानेत अडकवून, घाईघाईने तीच जुनी लेन्स चढवली. बगळा दरम्यान उडून गेला.